वानखडे मॅडमचं सोयरिकशास्त्र

वानखडे मॅडम कोणत्याही वस्तूकडे सरळ पाहतच नसत. नवा पेन दाखवला तर त्या पेन बघायच्या नाहीत. याची शाई कुठे मिळते, संपली की काय कराल आणि आधीच्या पेनाचं काय केलं, हे विचारायच्या. नव्या माणसाला वाटावं, बाई भोचक दिसते. मलाही तसंच वाटलं होतं. केनवडच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवायला रुजू झालो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, वाशीमहून येणं-जाणं करणार की इथेच राहणार? येणं-जाणं करीन म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, "मंग?" मग काय, मोटारसायकल आहे. "मंग पावसाळ्यात?" रेनकोट आहे. "मंग पंचर झाली तं?" तिसऱ्या 'मंग'ला माझं डोकं सणकलं, आणि मराठीचा मास्तर असल्यामुळे चिडायला सोयीस्कर कारणही सापडलं. मॅडम, तो शब्द 'मग' असा आहे, त्यावर अनुस्वार नाही, असं मी जरा ठसक्यातच ऐकवलं. त्यांनी अंबाड्यात खोचलेला खडू काढला, स्टाफरूमच्या टेबलावर 'मग' असं लिहिलं, त्याच्या डोक्यावर ठसठशीत टिंब दिलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे त्याले टोपी घालून पाठवतेत सर. ऊन लय राह्यते."

त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. त्या टेबलावरचं टिंब शिपायाने पुसलं, पण माझ्या उच्चारावर कधीकधी ते अजून येऊन बसतं.

मागच्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. हृदयविकाराचा एकच झटका आला आणि रिसोडला नेईपर्यंतही वेळ मिळाला नाही. शोकसभेत लोकांनी त्यांना विदुषी म्हटलं, ज्ञानतपस्वी म्हटलं, आणखीही बरंच काही म्हटलं. ते ऐकून मॅडम पोट धरून हसल्या असत्या. मी बोललो नाही. मला जे सांगायचं होतं ते त्या सभेत मावणारं नव्हतं.

ठेंगणा बांधा, चालणं भराभर, आवाज वर्गाबाहेरच्या कडुलिंबापर्यंत पोचणारा. खडू कायम अंबाड्यात, त्यामुळे पिकत चाललेल्या केसांत कधी पिवळी तर कधी गुलाबी भुकटी. त्या खडूने त्या कशावरही बाण काढत. टेबलावर, दारावर, माझ्या डब्याच्या झाकणावर, एकदा तर तपासणीला आलेल्या साहेबांच्या धुळीने माखलेल्या गाडीवर, तिथे मात्र बोटाने. दोन गोल काढायचे, एकातून दुसऱ्याकडे बाण न्यायचा, मग दुसऱ्यातून पहिल्याकडे परत आणायचा. परत येणाऱ्या बाणावर त्यांचा फार जीव. जाणारा बाण कोणालाही दिसतो, म्हणायच्या, परतीचा दिसला तं समजा डोळे उघडले.

शिकवायच्या भौतिकशास्त्र. पण अभ्यासक्रमाचा भाग उरकला की शनिवारी त्या 'दुसरं' शिकवत. त्या 'दुसऱ्या'साठी त्यांनी जाडजाड इंग्रजी पुस्तकं मागवली होती आणि ती पुस्तकं त्या स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी ठेवत. अनेक भाग एकमेकांना जोडले गेले की त्यातून जे एक संबंध काहीतरी उभं राहतं, ते कसं वागतं, याचं ते शास्त्र. मी त्यांना मोठ्या उत्साहाने शब्द सुचवला: प्रणालीशास्त्र. त्यांनी तोंड कडू केलं. हा शब्द ऐकून माझ्या सासूबाई औषध समजतील, म्हणाल्या. मग तुमचा शब्द काय, असं मी विचारलं. त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. "सोयरिक."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "पोरीले स्थळ आलं म्हणजे आपण काय पाह्यतो सर? पोरगा तं फोटोतच पाह्यलेला राह्यते. मंग आपण इचारतो, मामा कोण, बहीण कुठी देली, भाऊ घरातून वायला निंगाला का, वावराच्या धुऱ्यावरून कोणाशी भांडण हाय. माणूस नाई पाह्यत आपण, माणसाच्या जोडण्या पाह्यतो. अडाणी बाईलेबी हे येते. फक्त लग्न सोडून बाकी ठिकाणी आपण हे इसरून जातो."

मी वर्गात अलंकार शिकवतो, पण इतकी नेमकी व्याख्या मला आयुष्यात करता आलेली नाही. तेव्हापासून त्यांचा विषय कॉलेजात 'सोयरिकशास्त्र' याच नावाने ओळखला जाऊ लागला. प्राचार्यांना ते नाव आवडत नसे, आणि म्हणूनच बहुधा टिकलं.

त्या शास्त्राचं पहिलं कलम असं, की 'दोष कोणाचा' हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा, आणि शक्यतो तोपर्यंत विसरून जायचा. दुसरं कलम फेऱ्यांचं. काही फेरे वाढवणारे असतात. एका गल्लीत दोन लग्नं लागली की दोन्ही मांडवांतले डीजे पाहा, म्हणायच्या. ह्याला आपला आवाज ऐकू येत नाही म्हणून हा वाढवतो, मग त्याला त्याचा ऐकू येत नाही म्हणून तो वाढवतो, आणि शेवटी नवरदेवाचं नावही कोणाला ऐकू येत नाही. काही फेरे सावरणारे. भाकर करपायला लागली की हात आपसूक चुलीतलं लाकूड मागे ओढतो, ताप कमी झाला की पुन्हा पुढे सारतो. जगात जे काही टिकून आहे ते सावरणाऱ्या फेऱ्यांवर, आणि जे काही एकाएकी कोसळतं त्याच्या पोटात कुठेतरी वाढवणारा फेरा बसलेला असतो. तिसरं कलम उशिराचं. केल्याचं फळ लगेच दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून माणूस आणखी करत सुटतो. "दही लागून राह्यलं, हलवू नका," हे त्या प्राचार्यांपासून परातीतल्या कणकेपर्यंत सगळ्यांना सांगत.

एकदा त्यांनी अकरावीचा अख्खा वर्ग आठवडी बाजारात नेला. मीही मागोमाग गेलो. बाजाराच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी विचारलं, "ह्या जागा कोणं वाटून देल्या?" पोरं म्हणाली, ग्रामपंचायतीने. पंचायतीचा माणूस तिथेच होता. तो म्हणाला, छे हो, एकदा आम्ही चुन्याच्या रेघा मारून नंबर टाकले होते, दुपारपर्यंत सगळे आपापल्या जुन्या जागी गेले आणि रेघांवरून बैलगाड्या गेल्या. मग मॅडमनी पोरांना दुकानादुकानांत सोडलं. तासाभराने पोरं परत आली ती एकेक कारण घेऊन. मिरचीवाली टोकाला बसते, कारण वाऱ्याने सगळा बाजार शिंकत सुटतो. कापडवाले तिच्यापासून लांब, कारण कापडावर मिरचीची भुकटी बसते. भाजीवाल्या फाट्याजवळ, कारण त्यांना परतीची बस धरायची असते. आणि चांभार भाजीवाल्यांच्या शेजारी, कारण बसची वाट बघत उभं राहिल्यावरच माणसाचं लक्ष आपल्या तुटक्या चपलेकडे जातं. कोणी ठरवलं नव्हतं, आणि तरी ठरलेलं होतं. मॅडमनी फक्त तेवढं दाखवून दिलं. त्यावर सरपंचांच्या पुतणीने गंभीरपणे विचारलं, मग सरपंच कशाला पाहिजे? मॅडमनी तिला शंभरातले शंभर मार्क दिले, तोंडी.

त्यांचं दुसरं प्रकरण आमच्या कॉलेजच्या फाटकाचं. पोरं उशिरा येतात म्हणून प्राचार्यांनी घंटा झाली की फाटकाला कुलूप लावायचा हुकूम काढला. पाच मिनिटं उशीर झालेली पोरं दिवसभर बाजारात हिंडायला लागली. म्हणजे आधी पाच मिनिटं बुडत होती, आता अख्खा दिवस. प्राचार्यांनी हुकूम आणखी कडक केला. डीजेचा आवाज वाढवून राह्यले, असं मॅडम माझ्या कानात म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतः सकाळच्या बसने निघाल्या. पाहतात तो काय, प्रत्येक वाडीच्या फाट्यावर ड्रायव्हर पोरांसाठी थांबतोय, आणि पोरं सावकाश येताहेत, कारण बस रोज उशिराच येते हे त्यांना ठाऊक आहे. दोघंही एकमेकांच्या भरवशावर उशीर करत होते आणि दोघांच्याही मनात वाईट काही नव्हतं. मॅडमनी ड्रायव्हरला विनवलं, भाऊ, आठवडाभर कोणासाठी थांबू नका. पहिल्या दिवशी निम्मं कॉलेज गैरहजर. प्राचार्यांच्या तोंडचं पाणी पळालं, पालकांचे फोन आले, मॅडमना केबिनमध्ये बोलावणं झालं. त्या तिथून बाहेर आल्या त्या शेंगदाणे खात. आठवडा संपायच्या आत सगळी पोरं वेळेवर फाट्यावर उभी. कुलूप गंजून गेलं. इलाज लागू पडायच्या आधी दुखतो, हे त्या दिवसांत मी त्यांच्याकडून शिकलो. आणि हेही, की मॅडम कधी 'मला वाटतं' म्हणत नसत. त्यांचा आत्मविश्वास पाहून कधी कधी हेवा वाटायचा, कधी धास्ती.

ती धास्ती खरी ठरायची वेळ आली ती डीपीपायी.

डीपी म्हणजे शेताच्या बांधाला दोन खांबांवर बसवलेला विजेचा ट्रान्सफॉर्मर. विहिरींवरच्या मोटारी त्याच्यावर चालतात. मॅडमच्या सासरचं वावर ज्या डीपीवर होतं, तिच्यावर वीस-बावीस मोटारी. शेतीची वीज येते तासांच्या हिशेबाने, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि मधेमधे जाते-येते ती वेगळी. दर वेळी मोटार सुरू करायला विहिरीवर कोण पळणार? म्हणून प्रत्येकाने आपल्या स्टार्टरच्या डब्यात 'ऑटो' बसवून घेतला. लाईन आली की मोटार आपोआप सुरू. एकट्याचा विचार केला तर यासारखी शहाणपणाची गोष्ट नाही. पण मोटार सुरू होताना चालतानापेक्षा पाच-सहा पट वीज ओढते, आणि लाईन आल्याच्या त्याच क्षणी सगळ्या मोटारी एकदम उठल्या की बिचाऱ्या डीपीचं काय व्हायचं ते होतं. त्या वर्षी ऐन पेरणीत ती जळली. नवी मिळेपर्यंत लोक टेकीला आले. गव्हाचा पेरा लांबला. आता ही दुसरी डीपी जर गहू दाण्यावर असताना जळली असती, तर सगळ्यांच्या घरचा वर्षाचा गहू गेला असता. मॅडमच्या घरचाही.

गावात त्यावर चर्चा चालली होती ती नेहमीची: तारांवर चोरीचे आकडे कोणी टाकले, कोणाची मोटार मोठी, कोण जास्त पाणी घेतो. मॅडम मारुतीच्या पारावर गेल्या आणि म्हणाल्या, चोर शोधायचं सोडा, इथे चोर नाही. तुम्ही सगळे एकमेकांचे सोयरे झालात आणि तुम्हालाच पत्ता नाही. मग त्यांनी मोटारी बांधून देणाऱ्या कैलासला एक डबा उघडायला लावला. आत एक छोटी चकती असते. ती फिरवली की लाईन आल्यावर मोटार किती वेळ थांबून सुरू होईल ते ठरवता येतं. ही चकती सगळ्यांच्या डब्यात पहिल्यापासून होती आणि सगळ्यांनी ती शून्यावर ठेवून घेतली होती, कारण प्रत्येकाला आपली मोटार आधी सुरू व्हायला हवी होती. मॅडमनी क्रम लावला. डीपीजवळ उत्तमरावांचं वावर, त्यांची मोटार पहिली. मग ओळीने बाकीच्या, प्रत्येकीत अर्ध्या मिनिटाचं अंतर. आणि सगळ्यात शेवटी वानखड्यांची, म्हणजे त्यांची स्वतःची. कोणी पक्षपात म्हणू नये म्हणून. उत्तमराव गावातले जुने टीकाकार, बाईने विजेतलं सांगावं हे त्यांना रुचलं नव्हतं. पण पहिला नंबर मिळाल्यावर त्यांनी मान हलवली.

काही आठवडे छान गेले. लाईन आली की मोटारी एकामागून एक उठायच्या. मॅडम मला ते ऐकायला घेऊन गेल्या होत्या, आणि एखादी बाई आपल्या पोराचं बोलणं ऐकवते तशा ऐकवत होत्या.

मग एका सकाळी डीपीवर धाडकन आवाज झाला. फ्यूजच्या तारा वितळल्या. डीपी वाचली, पण नशिबानेच. कैलास सगळे डबे तपासत फिरला आणि पाच-सहा डब्यांतल्या चकत्या त्याला शून्यावर सापडल्या. ज्याला विचारावं तो एकच सांगे: वानखड्यांची मोटार लाईन आल्याबरोबर उठते, मग आम्हीच कायले थांबाचं? कैलास वानखड्यांच्या विहिरीवर गेला. चकती शून्यावर होती. मॅडमचे मालक रामदासभाऊ, गावातला सगळ्यात कमी बोलणारा माणूस, त्यांनी ती फिरवली होती.

कैलासने मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं की मी चकत्या नीट करून देतो, हे कोणाच्या कानी जायची गरज नाही. मॅडमनी ऐकलं नाही. संध्याकाळ व्हायच्या आत सगळ्यांना पारावर बोलावलं. रामदासभाऊही आले, कडेला बसले. मॅडमनी उभं राहून सांगितलं, की पहिली चकती आमच्या घरची फिरली. पारावर कुजबूज झाली. उत्तमराव म्हणाले, गावाले शिकवता अन् घरचे मोकाट. त्यावर त्या जे बोलल्या ते मला कैलासने आणि आणखी चौघांनी जसंच्या तसं सांगितलं आहे.

"दोष यांचा नाई. क्रम म्या लावला. शेवटची मोटार उठेपर्यंत लाईनीत जोर उरत नाई, ती नुसती घुरघुरते अन् स्टार्टर सोडून देते. माझ्या घरचा गहू वाळून राह्यला होता अन् मी कॉलेजात बाण काढून राह्यली होती. त्या जागी तुमी असते तं तुमीबी चकती फिरवली असती."

म्या नसती फिरवली, उत्तमराव म्हणाले.

"मंग पुढच्या आठवड्यात तुमी शेवटी," मॅडम म्हणाल्या.

सगळा पार हसला, उत्तमरावांच्या मुलासकट. आणि त्या हसण्यातच नवा नियम ठरला: एका आठवड्यात जो पहिला, तो दुसऱ्या आठवड्यात शेवटचा. क्रम आठवड्याला उलटा करायचा. शेवटी असण्याचं दुःख प्रत्येक टोकाला वाटून गेलं की नियम मोडावासा वाटणार नाही, हा मॅडमचा हिशेब. हिशेब बिनचूक होता. चकत्या पुन्हा जागेवर आल्या.

पण दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मॅडमच्या अंबाड्यात खडू नव्हता. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, हे बोलेनात. जेवायला वाढलं तर जेवतात, विचारलं तर मान हलवतात, बस. मी म्हणालो, तुम्ही तर त्यांना निर्दोष ठरवलंत, भर पारावर. त्यांनी टेबलावर नुसत्या बोटानेच दोन गोल काढले. "तेच तं सर. म्या चित्रात मोटारी घेतल्या, तारा घेतल्या, गहू घेतला. चित्र काढणारीलेच घेतलं नाई."

दिवस गेले. नियम चालू होता, रामदासभाऊंचं मौनही चालू होतं, आणि गव्हाच्या शेवटच्या पाण्याचा आठवडा आला. उशिरा पेरलेला गहू चिकात होता. दाण्यात दूध भरायची हीच वेळ, आत्ता पाणी मिळालं तर पोतं भरतं, नाही तर दाणा चिमतो. वीज दिवसाची होती. क्रमाने त्या आठवड्यात वानखड्यांची मोटार पहिली आणि उत्तमरावांची शेवटची. कॉलेजला जाताना वाकडी वाट करून या, असं मॅडमनी मला सांगून ठेवलं होतं. त्यांनी तसं म्हटलं नाही, पण त्यांना सोबत हवी होती. रामदासभाऊ पहाटेच वावरात गेले होते, काही न बोलता.

आम्ही डीपीजवळच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे होतो. थंडी होती, गव्हावर दव होतं. लाईन आल्याची खूण म्हणून कैलासने खांबावर लावलेला दिवा पेटला. मॅडम त्यांच्या विहिरीच्या दिशेने कान देऊन उभ्या राहिल्या. काहीच आवाज नाही. अर्धं मिनिट झालं, दुसऱ्या नंबरची मोटार उठली. मग तिसरी. वानखड्यांची गप्पच. मी मॅडमकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहत होतो. मला त्यांच्या मनातलं वाचता येत होतं: हा माणूस रागाने नियमातून बाहेर पडला, आता मनाला येईल तेव्हा मोटार चालू करील, ते पाहून शेजारचे करतील, आणि दुपारपर्यंत डीपी धूर सोडत असेल. मॅडमनी चपला हातात घेतल्या आणि पाणी सुटलेल्या वावरांतून, चिखलातून, थेट निघाल्या. मी मागे.

आम्ही चालत होतो तोवर मागे मोटारी उठतच होत्या, एकीनंतर एक. अगदी शेवटी उत्तमरावांची जुनी मोटार. ती शेवटी असली की हमखास घुरघुरून बसायची. त्या दिवशी ती जराशी अडखळली आणि मग उचलली. पाण्याचा धबधबा आमच्यापर्यंत ऐकू आला. मॅडम थबकल्या. त्यांचं डोकं अशा बाबतीत फार चपळ. त्यांना कळलं असावं, पण खात्री पटत नव्हती.

विहिरीवर रामदासभाऊ स्टार्टरच्या डब्याशेजारी बसले होते. डब्याचा खटका खाली पाडून मोटार बंद ठेवलेली. आम्हाला पाहून ते उठले नाहीत. मॅडम धापा टाकत उभ्या राहिल्या. भाऊंनी उत्तमरावांच्या वावराकडे हात केला. "त्याची मोटार म्हातारी झाली. शेवटी राह्यली की उचलत नाई, आपली बंद असली तं तिले जोर भेटते. त्याचा गहू आपल्या मांगून पेरला, तो आत्ता चिकात हाय, त्याले आजच पाणी पायजे. आपला दाणा भरत आला, चार दिवसानं भिजला तरी चालते."

इतक्या दिवसांतलं त्यांचं हे पहिलंच बोलणं असावं. पारावर सगळ्यांसमोर ज्याने त्यांना मोकाट म्हटलं, त्याच माणसासाठी. मॅडमचे डोळे भरून आले, आणि माझेही, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मॅडमच त्या. त्यांच्या तोंडून आधी निघाली ती तक्रारच.

"मंग मले पह्यले सांगाले काय झालतं?"

रामदासभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं.

"पारावर माह्यं नाव घेण्याआधी तू मले इचारलं होतं काय?"

मॅडम चिखलाच्या पायांनी तशाच भाऊंच्या शेजारी, ओल्या गवतात बसल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "नाई इचारलं. चुकलं माह्यं." भाऊंनी खांद्यावरचा गमछा काढून त्यांच्यापुढे केला. त्यांनी आधी तोंड पुसलं, मग पाय.

मी निरोप न घेताच वळलो. त्या दिवशी मॅडम कॉलेजात आल्या नाहीत, दुसऱ्याच दिवशी बोर्डाचे पेपर तपासायला मी बाहेरगावी गेलो, आणि परत आलो तेव्हा मॅडम नव्हत्या. त्यामुळे माझ्याजवळ त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते हेच. चहूकडच्या वावरांत पाणी धावत होतं, फक्त त्यांचा पाण्याचा दांड कोरडा होता, आणि त्या कोरड्या दांडाच्या काठावर ती दोघं शेजारी-शेजारी बसली होती.